साडेचार मिनिटं

बटण दाबलं, नेहमीसारखी उठले, ओट्याकडे जाऊन चहाचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि सहज मागे वळून पाहिलं, तर कॉम्प्युटर सुरू होऊन बसला होता. अख्खा. खालच्या पट्टीत घड्याळ, डावीकडे फोल्डर, मध्ये आंबोलीच्या धबधब्याचा फोटो, सगळं जागच्या जागी. खरं सांगते, मी दचकले. घरात कोणी नाही असं समजून गुणगुणत बाहेर यावं आणि सोफ्यावर पाहुणा बसलेला दिसावा, तसं झालं. पातेल्यातल्या पाण्याला अजून बुडबुडाही आला नव्हता. परेश आदल्या संध्याकाळी म्हणाला होता, ताई, अकरा सेकंद. मी हसले होते. दुकानवाले असंच बोलतात. आता मी कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा लावला आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत उभी राहिले. अकरा. "वाट लागली," मी मोठ्याने म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. झकास म्हणायला हवं होतं.

आधी साडेचार मिनिटं लागायची. हे मोजलेलं आहे, उगाच नाही सांगत. बारा वर्षांचं मशीन. पहिली दोन-तीन वर्षं नीट चाललं, मग दर वर्षी थोडं थोडं जड होत गेलं, माणूस होतो तसंच. बटण दाबलं की आतून खर्र आवाज यायचा, मग टिकटिक, मग बारीक घरघर, आणि पडद्यावर गोल गोल फिरणारे ठिपके. सुरुवातीला मी चिडायचे. टेबलावर थापट मारायचे. मग कधीतरी चिडणं संपलं आणि ती साडेचार मिनिटं माझी झाली. घरात दुसरा कुठलाच वेळ असा नव्हता, ज्यात माझ्याकडून कोणाला काहीच नको होतं. मशीन म्हणतंय थांब, तर थांबायचं. आमची खोली सातव्या मजल्यावर. चाळ पाडून उभी केलेली एसआरए बिल्डिंग, खिडकीतून भांडुपची छपरं, रुळांपलीकडे मिठागरं आणि त्यांच्या टोकाला खाडीची पांढरी रेघ. सकाळच्या उन्हात ती रेघ आहे की नाही तेच कळत नाही. मी तिच्याकडे बघत बसायचे आणि माझ्या शेजारी खुर्चीत बाबा बसलेले असायचे, एक हात कॉम्प्युटरच्या उभ्या डब्यावर ठेवून. पाळलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर ठेवतात तसा.

बाबा म्हणजे काशीराम. गिरणीत साचेवाले होते, साचा म्हणजे त्यांचा माग, कापड विणायचं यंत्र. चार साचे एकट्याने सांभाळायचे. संपानंतर गिरणी अडखळत चालली आणि पुढे बंद पडली ती पडलीच. मग तीस वर्षं इकडेतिकडे वॉचमन. आई गेल्यावर आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही, म्हणजे झालं नाही, म्हणजे आता त्यात काय अर्थ आहे, चव्वेचाळीस वर्षांची झाले. दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू पुन्हा चालायला लागले, पण बोलणं मागे राहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं आत आहे हो, शाबूत आहे, फक्त बाहेर यायला वेळ लागेल, तुम्ही घाई करू नका. आणि घाई तर सगळेच करतात. बाबांना विचारलं, चहा घेणार का, की विचारणाराच दोन क्षणांनी सांगतो, घेणार, घेणार, आण गं अर्धा कप. बाबांचे ओठ तेव्हा कुठे हलायला लागलेले असतात. मीही तशीच. एकदा सकाळी बटण दाबताना मी असंच विचारलं, काय जेवायला करू, आणि उत्तराची वाट बघायची म्हणून नाही, मशीनची वाट बघायची म्हणून बसून राहिले. ठिपके फिरत होते. खाडीकडून ऊन वर येत होतं. आणि पडद्यावर धबधबा आला त्याच सुमाराला शेजारून आवाज आला, "पेज. आणि सुको बांगडो." मी गर्रकन वळले. बाबा मिशीत हसत होते.

तेव्हापासून तो आमचा नेम झाला. सकाळी एक प्रश्न विचारायचा आणि बटण दाबायचं. मग मशीन आणि बाबा, दोघंही आत जाऊन शोधायला लागायचे, आणि मी मध्ये बसून राहायचे. मी काय काय विचारलं असेल! आईला पहिल्यांदा कुठे पाहिलं? उत्तर आलं, "भाताच्या लावणीक. तिच्या कपाळार चिखल व्हतो." गिरणीत एवढ्या आवाजात बोलायचात कसे? त्यावर उत्तर नाही आलं, हात आले. दोन बोटं ओठांवर, मग मनगट फिरवून, मग भुवई. म्हणजे म्हणे, जेवायला चल, आज मुकादम तापलाय. साच्याच्या खात्यात कानाने कोणी ऐकत नसे, सगळं तोंडाकडे बघून. आणि साचा चालू आहे का बंद, हेही डोळ्याने नाही, तळहाताने बघायचं. लोखंड थरथरतंय ना, मग चालू. दिव्यांचं काय, साचे बंद पडून माणसं नुसती बसून होती तेव्हासुद्धा गिरणीत महिनाभर दिवे जळत होते, असं बाबा एकदा म्हणाले. ते एक वाक्य यायला दोन सकाळी लागल्या. पहिल्या दिवशी "दिवे" एवढंच आलं होतं, आणि मला वाटलं देवघरातला दिवा म्हणतायत. उठून वात सारून आले.

मग बदलायला काय झालं होतं? काम, दुसरं काय. मी मालिकांना इंग्रजी सबटायटल लावते. गोरेगावला शूटिंग होतं, एपिसोड माझ्याकडे येतो, मी ऐकते, लिहिते आणि प्रत्येक वाक्य पडद्यावर कधी उमटणार, कधी पुसलं जाणार ते बसवते. सहा सेकंदांपेक्षा जास्त एक वाक्य ठेवायचं नाही. कोणी बोलत नसेल तिथे काही नाही. सासू सुनेकडे दहा सेकंद नुसती बघतेय? रिकामं सोडायचं, पुढे जायचं. पंधरा वर्षं हे केलं की घरातही माणसांच्या बोलण्याच्या कडा दिसायला लागतात, इथे सुरू, इथे संपलं, कापा. तर माझं मशीन व्हिडिओ चालवताना अडकायला लागलं. नायिका तोंड उघडून थिजायची आणि तिचं रडणं मागून यायचं. ऑफिसातून निरोप आला की दर्शना, सिस्टीम बदल, नाहीतर दुसरीला देतो. म्हणून मी परेशला बोलावलं. परेश म्हणजे आमच्या मासेवाल्या अंजनाबाईंचा मुलगा. आई भांडुप गावातून दारोदार म्हावरं घेऊन फिरते, मुलाने स्टेशनजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. दोघांनाही माझं घर पाठ.

परेशने डबा जमिनीवर आडवा केला, स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं आणि खो खो हसत सुटला. आत तांदूळ होते. अक्षता. पंख्याच्या पात्यांत, तारांच्या बेचक्यात, खाली तळाशी मूठभर, लाल-पिवळ्या, आणि झेंडूच्या पाकळ्या चुरून चिवडा झालेल्या. "ताई, ह्याच्यात तर भात शिजेल गं!" मला आधी कळेचना. मग कळलं. दर दसऱ्याला बाबा माझ्या मशीनची पूजा करायचे, गिरणीत साच्याची करायचे तशी, हळदकुंकू, फूल, अक्षता, नारळ. आणि डब्याला वर जाळी आहे. अकरा दसरे त्या जाळीतून आत गेले होते. बाबा खुर्चीतून बघत होते. परेशने ब्रशने सगळं झाडलं, पण एका कागदावर नीट गोळा केलं. आईच्या हाताखाली वाढलेला मुलगा, पूजेचं फेकणार नाही. मी विचारलं, म्हणजे ह्याच्यामुळे स्लो झाला होता? "नाय गं. तापला असेल ह्याने. स्लो आहे तो हार्ड डिस्कमुळे." आणि त्याने ती काळी वजनदार डिस्क हातात धरून मला समजावलं. आत एक तबकडी फिरते, तिच्यावर एक सुई जाते. तुझं सगळं आहे आत, एक फाइल गेली नाही. पण इथे एक तुकडा, तिथे एक तुकडा, सुई बिचारी शोधत हिंडते. नवी आहे तिच्यात काही फिरत नाही, काही हलत नाही. मागितलं की हातात. मी म्हटलं, मग कॉम्प्युटर नवा झाला म्हणायचा? "छे! डोकं तेच, मेमरी तीच. जास्त हुशार नाय होणार. फक्त शोधायचा वेळ गेला." नवी डिस्क पत्त्यांच्या कॅटएवढी होती आणि इतकी हलकी, की मला वाटलं रिकामा खोकाच दिलाय. जुनीवरचं सगळं नवीवर उतरवून झालं, तेव्हा परेशने जुनी माझ्या हातात दिली. ती अजून गरम होती. मी ती एका जुन्या रुमालात गुंडाळली आणि अक्षतांच्या पुडीशेजारी खणात ठेवली.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, हेच मला विचित्र वाटतं. दोन आठवडेसुद्धा झाले नाहीत. दिवस गेले ते गुळगुळीत, कशालाही न अडखळता. सकाळी बटण दाबायचे, अकरा सेकंद, हेडफोन कानावर, एपिसोड सुरू. जिथे दिवसाला एक व्हायचा तिथे दोन व्हायला लागले, मग मी हावरटासारखी तिसरा मागितला. नायिका थिजत नव्हती, रडणं ओठांवर बरोबर बसत होतं. मान वर करावी तर दुपार झालेली असायची, खाडीची रेघ येऊन गेलेली असायची. मधूनच काहीतरी विसरल्यासारखं वाटायचं. गॅस? बंद. दूध? तापवलंय. बाबांची गोळी? दिली. मग काय? घर फार शांत झालं होतं, पण ते मला कळलं नाही. माझ्या कानात दिवसभर सासवा ओरडत होत्या. बाबांना मी जेवायला वाढत होते, आंघोळीचं पाणी काढत होते, बोलतही होते, बाबा चहा, बाबा गोळी, बाबा पाय वर घ्या. प्रश्न एकही नव्हता त्यात. एकदा दुपारी डोळा लागला तर स्वप्नात मी गिरणीत उभी होते, पांढऱ्या उन्हासारखा कापूस सगळीकडे उडत होता, आणि ओळीने साचे. बाबा दूर टोकाला ओठ हलवत मला काहीतरी सांगत होते आणि मी खाली कुठे सबटायटल उमटतंय का ते शोधत होते.

मधल्या रविवारी सिद्धेश आला. माझा धाकटा भाऊ, बोरिवलीला राहतो, कायम घाईत, बूट न काढता उंबऱ्याशी उभा राहून बोलणारा. त्याने पनवेलच्या पुढे एक जागा पाहून ठेवली होती, वृद्धांसाठी, झाडंबिडं, नर्स, फिजिओ. "ताई, तू किती करशील एकटी? आणि बाबांनाही बोलायला चार माणसं." मग तो बाबांच्या खुर्चीपुढे वाकला आणि मोठ्याने म्हणाला, जणू बाबा बहिरे आहेत, "बाबा, मस्त जागा आहे. जाणार ना? येत्या शनिवारी गाडी घेऊन येतो. हां?" बाबा त्याच्याकडे बघत राहिले. सिद्धेशने पाच सेकंद वाट पाहिली असेल. सहा. "बघ, नाही म्हणाले नाहीत. हो आहे त्यांचं." आणि मी तिथे उभी होते. मला ठाऊक होतं की ते हो नव्हतं. ते काहीच नव्हतं अजून. उत्तर आत कुठेतरी निघालेलं असेल, चालत असेल. मी म्हणायला हवं होतं, थांब रे सिद्धू, चार मिनिटं बस. पण मला काय झालं सांगते, लाज वाटते पण सांगते. मला सुटल्यासारखं वाटलं. तीन एपिसोड होतील, चार होतील, सलग झोप मिळेल, कोणाच्या लुंगीची गाठ बांधायला नको. मी म्हटलं, "बघ बाबा, मला पण जमत नाही रे आता." सिद्धेश गेला. मी बाबांच्या समोर थांबले नाही. हेडफोन घातला.

शुक्रवारी अंजनाबाई आल्या. दार उघडंच असतं त्यांच्या वारी. टोपली उंबऱ्यात ठेवून त्या हाका मारत असतील, मला काय ऐकू येणार. शेवटी त्यांनी येऊन माझ्या खांद्यावर मासळीचा ओला हात ठेवला तेव्हा मी उडालेच. हेडफोन गळ्यात आला. अंजनाबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या. "अगो, कानान काय घालून बसलंस? तुजा बापूस कवाशी बोलतंय तुज्याशी!"

"कोण, बाबा?"

"मंग कोन? बुधवारी पन बोलत व्हता. मना वाटला, तू आयकतंस."

मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, ओठ नुकते मिटलेले. म्हणजे रोज. मशीन लावून मी पाठ फिरवली की चार मिनिटांनी, दहा मिनिटांनी, तासाभराने, हा माणूस माझ्या पाठीला काहीतरी सांगत होता, आणि मी तिथे बसून परक्या बायकांची भांडणं सेकंदासेकंदाने कापत होते. अंजनाबाईंकडून बांगडे घेतले की नाही तेही आठवत नाही. त्या गेल्या. मी खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसले, त्यांच्या तोंडासमोर, साच्याच्या खात्यात कामगार बसायचे तशी. "बाबा, काय म्हणत होतात? परत सांगा ना मला."

आणि थांबले. फिरणारे ठिपके नव्हते, खरखर नव्हती, काहीच नव्हतं धरायला. थांबणं इतकं कठीण असतं हे मी दोन आठवड्यांत विसरले होते. माझे हात तीनदा उठले, त्यांचं वाक्य पुरं करायला जीभ शिवशिवली. चहा हवाय? पाणी? मी ओठ दाताखाली धरले. खिडकीत ऊन होतं, मिठागरांवर ते पडून परत उडत होतं, आणि छतावर पाण्यासारखा उजेड हलत होता. मला वाटलं आपण दोघं कुठल्यातरी उथळ पाण्याच्या तळाशी बसलोय आणि वर माणसांची सगळी घाई होड्यांसारखी चाललीय. मग बाबांचा हात उठला. तो कॉम्प्युटरच्या डब्यावर गेला, तिथे पसरून थांबला, आणि परत मांडीवर आला.

"चेडवा," बाबा म्हणाले, म्हणजे पोरी. "तुजो साचो बंद पडलो मां?"

"बंद? चालू आहे की बाबा. हे बघा." मी पडदा त्यांच्याकडे वळवला. नायिका हसत थांबलेली. बाबांनी पाहिलं आणि मान हलवली, जसं लहान मुलाच्या थापेला हलवतात.

"दिवे जळतत," ते म्हणाले.

मला कळायला किती वेळ लागला सांगू का? अकरा सेकंदांपेक्षा पुष्कळ जास्त. डब्यावर हात ठेवला तर थरथर नाही. आवाज नाही. परेशने पंखा झाडून दिला होता, तोही आता वाऱ्यासारखा फिरत होता. ज्याने आयुष्यभर तळहाताने साचा ओळखला त्याच्या लेखी मी दोन आठवडे बंद साच्यापुढे बसले होते, सकाळपासून, कान झाकून, कोणाशी न बोलता, आणि समोर नुसते दिवे जळत होते. असं बसलेलं त्यांनी शेकडो माणसांना पाहिलं होतं. स्वतः बसले होते. ते पुढे बोलत होते आणि मला मध्ये एक शब्द टाकायची हिंमत नव्हती. एकेक शब्द येत होता, मध्ये एवढाल्या जागा सोडून. "म्हणान... मी जातंय थंय. सिद्धू न्हेता तर... न्हेवदे. बंद साच्यार... दोगांची पोटां... भरनत नाय."

हे उत्तर होतं. रविवारी निघालेलं. आणि ते पोचल्यावर रोज, रोज ते माझ्या पाठीला दिलं जात होतं. मी हो म्हणून सोडून दिलेलं, आणि ते खरंच हो होतं, माझ्यासाठी होतं. मी रडले. रडले म्हणजे भोकाड पसरलं, नायिकेसारखं ओठ दाबून वगैरे नाही. बाबा घाबरले, त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटायला घेतलं, साचा बंद पडला म्हणून रडतेय असंच त्यांना वाटलं असणार. "बाबा, चालू आहे हो, खरंच चालू आहे, उलट जास्त चालू आहे," मी म्हणत राहिले, आणि ते थोपटत राहिले. सांगून पटणार नव्हतं. गिरणीचे मालकही तसंच सांगायचे.

मी परेशला फोन केला. तो अर्ध्या तासात आला. "ताई, स्लो झाला परत? शक्यच नाय." मी खणातून रुमाल काढला, जुनी डिस्क त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, ही आत बसव. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मला वेड लागलंय. "नवी काढू?"

"नवी राहू दे. ही पण लाव. ही नुसती फिरली पाहिजे."

"नुसती फिरून काय करेल?"

"आवाज करेल. थरथरेल. सांगते ना तुला, लाव."

मग मी त्याला सांगितलं. ऐकून तो बाबांकडे बघत परत झाकण उघडायला बसला. बोलला तो कामाचंच. लागेल ही, जागा आहे आत. वीस मिनिटं काम नसलं की झोपून जाते, ती सेटिंग काढून टाकतो. जुने एपिसोड हिच्यावर ठेव, म्हणजे मधून मधून खरखर पण करेल. डब्याच्या पायाखालचे रबर काढतो, हिला डब्याला घट्ट कसतो, म्हणजे हाताला लागेल. "पण ताई, एक सांगून ठेवतो हां. म्हातारी झालीय ही. कधी पण बसेल. आज, नाहीतर दोन वर्षांनी."

"फिरेल तोवर फिरू दे," मी म्हटलं. परेशने मान हलवली. निघताना त्याने काय केलं, अक्षतांची पुडी उघडून चार दाणे झाकणावर, वरच्या वर, ठेवले, आणि जाळीवर एक पुठ्ठा चिकटवून दिला. बाबा तेव्हा झोपले होते. मी मशीन लावलं नाही. सकाळपर्यंत ठेवलं.

शनिवारी नऊला सिद्धेश आला. बाबांची पिशवी त्याने स्वतःच उचलली, दोन लुंग्या, औषधं, आईचा फोटो, मी रविवारीच भरून ठेवलेली. "चला चला, भाड्याची गाडी गेटवर उभी आहे, ड्रायव्हर खोळंबलाय, वॉचमन बोंबलतोय. बाबा, उठा." मी म्हटलं, "सिद्धू, बस." तो म्हणाला, "अगं ताई, टाइम नाही." मी म्हटलं, "साडेचार मिनिटं बस. वॉचमनला बोंबलू दे. तू बाबांना विचारलंस, तेव्हा थांबला नाहीस. मीही थांबले नाही. आता आपण दोघं थांबायचं." माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण तो पिशवी मांडीवर घेऊन बसला.

मी बाबांच्या पायाशी स्टूल ओढलं, त्यांच्या डोळ्यांसमोर तोंड नेलं. "बाबा, सिद्धू आलाय न्यायला. जायचंय तुम्हाला? की इथेच राहायचं?" आणि बटण दाबलं. खर्र. मग टिकटिक. मग ती जुनी, बारीक, ओळखीची घरघर, आणि टेबलावरच्या पेल्यातला चमचा किणकिणायला लागला. जुनी डिस्क सोबत असूनही धबधबा वीस सेकंदांत आला. मी तिकडे पाहिलं नाही. बाबांचा हात डब्यावर गेला. पाची बोटं पसरली. बाबांनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. त्याला सबटायटल नाही.

आम्ही बसलो. सिद्धेशने एकदा घड्याळ पाहिलं, एकदा मोबाइल. दुसऱ्या मिनिटाला तो म्हणाला, "ताई, ते नाही बोलणार..." आणि मी हात वर केला, दोन बोटं ओठांवर. तो थांबला. त्याला ती खूण कुठून माहीत असणार, पण थांबला. खाली गाडीचा हॉर्न वाजला. मिठागरांच्या टोकाला रेघ उजळत होती, आहे, नाही, आहे. सिद्धेश आता घड्याळ बघत नव्हता, तो बाबांच्या हाताकडे बघत होता, आणि मला तो एकदम सात वर्षांचा दिसला, चाळीच्या जिन्यात बाबांची पाळी सुटायची वाट बघत बसणारा. तेव्हा तो तासन् तास बसायचा. बाबांचे ओठ हलले. थांबले. परत हलले. मी काही पुरं केलं नाही.

"सिद्धू," बाबा म्हणाले, डोळे न उघडता. "गाडी... परत धाड. माजी पाळी... सुरू झाली."

सिद्धेशने पिशवी हळूच जमिनीवर ठेवली, खाली वाकला आणि बुटाची नाडी सोडायला लागला.